गोव्यासाठी दोन मिनिटांचा हवामान अंदाज: बुलेटिन हातात आल्यावर पुढे काय?

खाडीकाठ

एका लोकल वाहिनीच्या संध्याकाळी साडेसातच्या मराठी बातम्यांत मेअखेरीपासून हवामानाचा स्वतंत्र भाग सुरू करायचा आहे. वेळ दोन मिनिटं, मागे हिरवा पडदा, ग्राफिक्सला एक जण आणि अंदाज सांगणारी मी. माझी पदवी भूगोलाची आहे, हवामानशास्त्राची नाही.

आतापर्यंत निवेदक शेवटी एक ओळ वाचायचे: ‘उत्तर व दक्षिण गोव्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता.’ ही ओळ ऐकून पेडण्यातल्या माणसाला काय कळतं? हडफड्यातल्या मिठागरवाल्याने मीठ आज उचलावं की उद्या, चोर्ल्यातून बेळगावला निघालेल्याने रात्री निघावं की सकाळी, हे त्यातून काढता आलं पाहिजे.

जाणकारांना विचारायचं ते असं. हवामान खात्याच्या बुलेटिनमधल्या शब्दांना नेमका किती पाऊस अभिप्रेत असतो? संगणकी मॉडेलच्या साइट बघून तालुक्यांचा अंदाज आपणच सांगावा का? रडार आणि उपग्रहाचं चित्र दाखवताना काय चुकतं? मिलिमीटर सांगायचे की इंच? आणि हिरव्या पडद्यासमोर उभं राहण्याचं तंत्र काय?

पर्जन्यमापक

सुरुवात वेळेपासून करा, लोकल अंदाजात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. दुपारच्या बुलेटिनमधला ‘पहिला दिवस’ दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला संपतो, आणि ‘दुसरा दिवस’ म्हणजे उद्या ८.३० ते परवा ८.३०. तुम्ही साडेसातला कॅमेऱ्यासमोर याल तेव्हा पहिल्या दिवसाचे तेरा तास उरलेले असतील आणि ते जवळजवळ सगळे रात्रीचे. म्हणून पडद्यावर ‘आज’ न लिहिता ‘आज रात्री’ लिहा. बुलेटिनमध्ये पहिल्या दिवशी ऑरेंज (नारिंगी) इशारा आणि दुसऱ्या दिवशी यलो (पिवळा) असेल, तर प्रेक्षकाला सांगायचं ते ‘आज रात्री जोर, उद्या सकाळी साडेआठनंतर कमी’ असं. नुसतं ‘आज ऑरेंज, उद्या यलो’ म्हटलं की पहाटे चारला कोसळलेल्या पावसाला लोक ‘उद्याचा’ समजतात आणि बरोबर असलेला अंदाज त्यांच्या लेखी चुकतो.

पडून गेलेल्या पावसाचा आकडाही तसाच. २४ जुलैच्या सकाळी जाहीर होणारा आकडा २३ च्या सकाळी साडेआठपासूनचा असतो. २४ च्या दुपारी पणजीत पाणी तुंबलं तर तो पाऊस त्यात नसणार. त्यासाठी सकाळी ८.३० ते संध्याकाळी ५.३० असा दिवसाचा आकडा वेगळा मिळवा आणि वेगळाच दाखवा, दोघांची बेरीज करून ‘२४ तासांत’ म्हणू नका. तापमानाचं सोपं आहे: किमान सकाळच्या निरीक्षणात मिळतं, कमाल संध्याकाळी ५.३० च्या. आणि रडार-उपग्रहाच्या चित्रावर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, छापलेली असेल तर साडेपाच तास मिळवायचे. ०३ यूटीसी म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. ग्राफिक्सवाल्याला हे पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यायला लावा.

आता शब्द. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि २०४.५ च्या वर अत्यंत मुसळधार. इंचांत मुसळधार अडीचला सुरू होतो, अति मुसळधार साधारण साडेचारला आणि त्यापुढचा आठाला. गोव्यात दोन्ही मापं लागतात. रोजचा पाऊस मिमीत सांगा, कारण इशारे मिमीवर ठरतात. मोसमाची बेरीज मात्र इंचांतही द्या. ‘शंभरी गाठली का’ हा प्रश्न इथे इंचांतच विचारला जातो. मोसमाची राज्याची सरासरी तीन हजार मिमीच्या आसपास, म्हणजे ११८ इंच. मिमीची कल्पना यावी म्हणून अधूनमधून सांगायला एक हिशेब: १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लीटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर ६५ मिमी पडला तर साडेसहा हजार लीटर खाली येतं.

हे सगळे आकडे चोवीस तासांचे आहेत हे विसरू नका. ७० मिमी दिवसभर रिपरिप पडला तर कुणाची तक्रार नसते. तेवढाच एका तासात पडला तर पणजीत ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी. तासाच्या जोराबद्दल बुलेटिन सहसा बोलत नाही, ते तीन तासांच्या तात्काळ इशाऱ्यात येतं. आणि ‘ढगफुटी’ हा शब्द जपून वापरा: साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिमी किंवा जास्त, ही त्याची व्याख्या. प्रत्येक जोरदार सरीला तो लावला की खऱ्या वेळी लोक ऐकत नाहीत.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडा पाऊस असा अर्थ लोक घेतात. तो शब्द पावसाचं प्रमाण सांगत नाही, किती केंद्रांवर पडेल ते सांगतो. २५ टक्क्यांपर्यंत केंद्रं असतील तर तुरळक, २६ ते ५० काही ठिकाणी, ५१ ते ७५ बऱ्याच ठिकाणी, त्याच्या वर बहुतेक ठिकाणी. गोव्यात रोजच्या नोंदीची पेडणे, म्हापसा, साखळी, वाळपई, जुने गोवे, फोंडा, मडगाव, केपे, सांगे, काणकोण अशी डझनभर केंद्रं धरली, तर ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ म्हणजे त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी साडेचार इंचांच्या वर. इंग्रजी बुलेटिनमधल्या ‘लाइकली’ आणि ‘व्हेरी लाइकली’लाही आकडे आहेत. पहिला २५ ते ५० टक्के, दुसरा ५० ते ७५. पहिल्याला ‘शक्यता’ म्हणा, दुसऱ्याला ‘दाट शक्यता’. दोन्हींना सरसकट ‘शक्यता’ म्हटलं तर निम्मी माहिती गळते.

रंगाचं शेवटी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग नुसत्या मिमीवर ठरत नाही. पावसाचा जोर, तो पडण्याची शक्यता आणि होऊ शकणारा परिणाम, तिन्ही बघून ठरतो. तो रंग तुम्ही बदलायचा नाही, वरही नाही आणि खालीही नाही. लाल इशारा म्हणजे शाळांना सुट्टी असंही परस्पर सांगू नका, तो निर्णय प्रशासनाचा.

घाटमाथा

मॉडेलबद्दल. समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत गोव्याची रुंदी जास्तीत जास्त साठ किलोमीटर. बारा किलोमीटरच्या चौकटींचं मॉडेल घेतलं तर किनाऱ्यापासून घाटापर्यंत जेमतेम पाच चौकटी बसतात. एका चौकटीत तिसवाडी तालुक्याचा बराच भाग मावतो आणि घाटाचा खडा उतार मॉडेलला बोथट दिसतो. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम सहा किलोमीटरची आहे. चित्र सुधारलं, तरी त्यावरून ‘उद्या दुपारी तीनला म्हापशात पाऊस’ असं सांगणं बरोबर नाही. साइटवर बोट ठेवलं की गावाच्या नावापुढे मिमी दिसतात, ते बहुतेक वेळा आजूबाजूच्या चौकटींमधून काढलेले असतात. त्या गावासाठी वेगळं गणित केलेलं नसतं.

म्हणून मॉडेल कल बघण्यासाठी वापरा. दोन-तीन मॉडेलं पुढचे तीन दिवस पाऊस वाढतोय असं एकमुखाने सांगत असतील आणि बुलेटिनही तेच म्हणत असेल, तर ‘शुक्रवारपासून जोर वाढेल’ हे ठामपणे बोलता येतं. त्यांच्यात फाटे फुटत असतील तर तीन दिवसांच्या पुढे जाऊ नका. दहा दिवसांनंतरच्या चक्रीवादळाची रंगीत चित्रं दर मे आणि ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपवर फिरतात. ती पडद्यावर आणायचीच नाहीत, खोडून काढण्यासाठीसुद्धा नाही. आवाज बंद करून टीव्ही बघणाऱ्याला फक्त चित्र दिसतं.

तालुक्यांचा तपशील तुम्ही भरायचा तो भूगोलातून, आणि तुमची पदवी इथेच उपयोगी पडणार आहे. जून ते सप्टेंबर समुद्रावरून येणारा बाष्पाचा वारा घाटाला आडवा धडकून वर चढतो. म्हणून वाळपई आणि सांग्याला पाऊस जास्त, दाबोळी-मुरगावला कमी. साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा पश्चिमेचा वारा जोरात असेल तर भर घाटउताराकडे: सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणचा पूर्व भाग. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा गुजरात-महाराष्ट्रापासून केरळपर्यंत पसरलेला असेल आणि त्यात गोव्यासमोर समुद्रात एखादा छोटा भोवरा तयार झाला, तर पणजी, म्हापसा, मडगावला काही तासांत झोडपून काढतो. हे भोवरे लहान असल्यामुळे मॉडेलांच्या हातून निसटतात. बुलेटिनच्या वर्णनाच्या भागात ‘किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा’ असेल तेव्हा किनारपट्टीला रात्रीसाठी सावध करा.

मे आणि ऑक्टोबरचं चित्र उलटं असतं. ढग दुपारी घाटावर वाढतात आणि वरच्या थरात पूर्वेचा वारा असेल तर संध्याकाळी विजांसह खाली किनाऱ्याकडे येतात. डिचोली, सत्तरीत चार-पाचला गडगडाट आणि म्हापशाला सहा-सातला पाऊस, हा क्रम नेहमीचा. साडेसातच्या बातम्यांत तो ढग थेट दाखवता येतो. मे महिन्यातला असा गडगडाटी पाऊस आला म्हणून मान्सून आला असं म्हणू नका. केरळात मान्सून जाहीर करायलाही निकष लागतात: १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्क्यांवर सलग दोन दिवस २.५ मिमी किंवा जास्त पाऊस, शिवाय पश्चिमेच्या वाऱ्याची जाडी व वेग, आणि ढगांच्या माथ्यावरून बाहेर पडणारी उष्णता. २०२५ मध्ये हे सगळं २४ मे रोजीच जुळलं होतं. तेव्हा तारीख लवकर असू शकते, पण गोव्याची घोषणा खात्याकडून येऊ द्या.

मार्चचा उन्हाळाही लोकल माणसालाच नीट सांगता येतो. सकाळी पूर्वेचा कोरडा वारा असतो. खारा वारा अकरा-बाराला आला तर पारा आटोक्यात राहतो, दोन वाजेपर्यंत लांबला तर चढत जातो. किनारी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर हवं. ३६ अंश आणि भरपूर दमटपणा असेल तर ‘लाट’ म्हणू नका, ‘उकाडा’ म्हणा, आणि आर्द्रतेचा आकडा द्या.

रडार पणजीत आल्तिनोला आहे. रंग मोजतात डीबीझेडमध्ये, म्हणजे पावसावर आपटून परत आलेल्या किरणाच्या जोराच्या मापात. वीस-तीसच्या घरात हलका पाऊस, चाळीसच्या वर जोरदार सर, पन्नासच्या वर गडगडाटी ढगाचा गाभा. त्याच्या तीन मर्यादा ध्यानात ठेवा. पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर अर्ध्या अंशाने सोडलेला किरण साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर असतो. घाटमाथा जिथे त्याहून उंच आहे तिथे किरण अडतो आणि मागचा पाऊस दिसत नाही किंवा फिका दिसतो. म्हणून चित्रात घाट कोरडा दिसला तरी ‘घाटात उघडीप’ म्हणू नका, आधी वाळपई-सांग्याचा प्रत्यक्ष आकडा बघा. दुसरी, रडारच्या अगदी डोक्यावरचा भाग त्याला दिसत नाही. तिसरी, एकाच जागी तासभर न हलणारा ठिपका पाऊस नसून बहुतेक डोंगरावर आपटून परतलेला किरण असतो. एकटं चित्र कधीच दाखवू नका, निदान शेवटच्या तासाची चित्रमालिका फिरवा. ढग कुठून कुठे चाललाय हेच तर लोकांना हवं असतं.

उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात पांढरं म्हणजे थंड आणि उंच माथ्याचा ढग. पावसाळ्यात आपल्याकडचा बराच पाऊस बुटक्या, उबदार ढगांतून पडतो आणि तो या चित्रात राखाडी, निरुपद्रवी दिसतो. उलट वरच्या थरातला पातळ ढग पांढराशुभ्र दिसतो आणि त्यातून थेंबही पडत नाही. म्हणून उपग्रह अरबी समुद्राचं एकूण चित्र दाखवायला, आणि गोव्यातल्या पावसासाठी रडार.

हिरवा_पडदा

नकाशाची मांडणी आधी पक्की करा, उभं राहणं त्यावर अवलंबून आहे. गोव्याचा नकाशा उभा, टीव्हीचा पडदा आडवा, आणि खाली टिकर, म्हणजे सरकत्या बातम्यांची पट्टी. नकाशा मधोमध लावला की काणकोण हमखास टिकरखाली जातं. नकाशा वर उचला आणि प्रेक्षकाच्या उजव्या बाजूला सरकवा. तुम्ही प्रेक्षकाच्या डाव्या बाजूला, म्हणजे अरबी समुद्रावर उभ्या राहा. तिथे झाकण्यासारखं काही नाही. उजवीकडे उभं राहिलं तर सत्तरी, धारबांदोडा, सांगे झाकले जातात, आणि पाऊस नेमका तिथेच असतो. मात्र उपग्रहाच्या चित्राला जागा बदला, कारण तेव्हा ढग समुद्रातच असतात.

समुद्रावर उभं राहिल्यावर नकाशा तुमच्या डाव्या हाताला येतो. दाखवायचं डाव्या हाताने, तळवा उघडा ठेवून, आणि खांदे कॅमेऱ्याकडेच. एका बोटाने दाखवलं तर डिचोली दाखवताना बोट साखळीपाशी की मयेपाशी हे चित्रात ठरत नाही. म्हणून हाताने प्रदेश दाखवा आणि गावाचं नाव ग्राफिक्समध्ये उजळू द्या. तुमच्या मागे खरंच काही नसतं, सगळं बाजूच्या मॉनिटरमध्ये बघायचं. मॉनिटर दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर हवेत आणि त्यांतलं चित्र आरशासारखं उलटवून घेतलेलं असेल तर हात सहज पडतो. ते उलटवलेलं आहे की नाही हे रोज सुरुवातीला हात हलवून तपासा, कुणीतरी सेटिंग बदललेलं असतं.

पडदा आणि तुमच्यात सहा ते आठ फूट अंतर ठेवा. कमी ठेवलं तर हिरवा उजेड परावर्तित होऊन गालावर आणि केसांच्या कडांवर येतो. पडद्यावरचा उजेड सगळीकडे सारखा हवा. सुरकुती किंवा सावली असली की तिथे नकाशात डाग खदखदतो. कपड्यांत हिरवा रंग नको हे सगळेच सांगतात. पोपटी काठ, हिरवट-निळा मोरपिशी रंग आणि चमकणारी जर हेही टाळा. हिरव्या बांगड्या असतील तर मनगटाच्या जागी नकाशा दिसतो. बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात थरथरतं.

रंगांबद्दल आग्रहाने सांगतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे चार रंग फक्त इशाऱ्यासाठी राखून ठेवा. किती पाऊस पडला किंवा पडेल हे निळ्याच्या छटांत दाखवा. पावसाच्या नकाशातही पिवळा-लाल वापरला की लोक त्यालाच अलर्ट समजतात. इशाऱ्याच्या रंगावर शब्दही लिहा, काहींना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही.

वेळेचं गणित असं. मराठीत नकाशा दाखवत बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांपेक्षा जास्त बोललात तर लोकांचे डोळे मागे पडतात. दोन मिनिटांना दोनशे शब्द. पण हवामान बातम्यांच्या शेपटाला असतं, आधीच्या बातम्या लांबल्या की पहिली कात्री तुम्हालाच. टॉकबॅकमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममधून कानात येणाऱ्या आवाजात, ऐन वेळी ‘सव्वा मिनिट’ ऐकू येईल. म्हणून मजकूर तुकड्यांत लिहा. पहिल्या तीस सेकंदांत इशारा, तो कुठे आणि कधीपर्यंत. मग प्रदेशवार, मग समुद्र, आणि शेवटी झालेला पाऊस व तापमान, जे कापलं तरी चालेल. टेलिप्रॉम्प्टरवर अवलंबून राहू नका, नकाशाकडे वळलात की तो दिसत नाही. क्लिकर दाबल्यावर ग्राफिक्स यायला क्षणभर लागतो, तेव्हा वाक्य संपायच्या एक-दोन शब्द आधी दाबा.

दर्यावर्दी

समुद्राचा तुकडा कापला जाणार असेल तर तो इशाऱ्याच्या तुकड्यातच घाला. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, पण छोट्या होड्या आणि किनाऱ्यावरचे पर्यटक असतातच. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात त्या आठवड्यात वाऱ्याचा अंदाज हा तुमच्या दोन मिनिटांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

मच्छीमारांच्या इशाऱ्यात वाऱ्याचे दोन आकडे येतात, सलग वेग आणि झोताचा वेग: ‘ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किलोमीटर’. दोन्ही सांगा, होडी झोताने उलटते. नॉट दिले असतील तर १.८५ ने गुणा. ३४ नॉट, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरला चक्रीवादळ म्हणतात, त्याखाली तीव्र कमी दाब आणि कमी दाबाचं क्षेत्र. वादळ किनाऱ्यावर येणार नाही म्हणून धोका नाही असं सुचवू नका. १६ मे २०२१ ला तौक्ते गोव्यासमोरून समुद्रातूनच वर गेलं आणि जमिनीवर आलं ते गुजरातेत. तरीही इथे झाडं आणि विजेचे खांब कोसळले. मार्गाच्या नकाशात मधली रेघ दाखवण्यापेक्षा अनिश्चिततेचा पूर्ण पट्टा दाखवा. रेघ दाखवली की लोक रेघेपासून आपलं घर किती लांब तेवढंच मोजतात.

लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राचा इशारा बघा, हवामानाच्या बुलेटिनमध्ये तो दरवेळी असेलच असं नाही. निरभ्र आकाशाखाली दूर दक्षिणेतून आलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर चढतात. २०१७ च्या डिसेंबरात ओखी शेकडो किलोमीटर लांब असताना आपल्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी शिरलं होतं. लाटेच्या उंचीसोबत दोन लाटांमधली सेकंदंही सांगा. तेवढ्याच उंचीची पंधरा सेकंदांची लाट आठ सेकंदांच्या लाटेपेक्षा वाळूवर बरीच पुढे येते.

आणि भरती. मुरगावच्या भरतीच्या तक्त्यातून रोजची वेळ घ्या. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या आणि दोन्हींची उंची वेगळी असते, तेव्हा मोठी कोणती ते बघून तीच सांगा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुसळधार पावसाने गाठलं की खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशी (पाणी सोडायची दारं) बाहेरच्या पाण्यामुळे बंदच राहतात आणि शेतात साचलेलं पाणी ओहोटीपर्यंत बाहेर पडत नाही. पणजीच्या सखल भागात, साखळीत वाळवंटी नदीकाठी हीच वेळ महत्त्वाची. त्यासोबत अंजुणे आणि तिळारी धरणांतून पाणी सोडणार असल्याची सूचना आली आहे का ते विचारा. तिळारीचं पाणी डिचोली, पेडणे, बार्देशच्या नदीकाठाला जातं आणि तिथे पाऊस थांबलेला असला तरी पातळी वाढते.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचं लक्षात घेऊन पहिल्या तीस-चाळीस सेकंदांचा मसुदा केलाय, जुलैमधला कुठलाही ऑरेंजचा दिवस धरून:

‘आज रात्री, उद्या सकाळी साडेआठपर्यंत, संपूर्ण गोव्याला नारिंगी इशारा आहे. पाऊस बहुतेक ठिकाणी पडेल आणि दोन-तीन ठिकाणी तो साडेचार इंचांच्या वर जाण्याची दाट शक्यता आहे. जास्त जोर सत्तरी, धारबांदोडा आणि सांग्याच्या घाटाकडच्या भागात. चोर्ला किंवा अनमोड घाटातून रात्री जाणाऱ्यांनी प्रवास सकाळवर ढकलता आला तर ढकलावा. मोठी भरती पहाटे सव्वाचारला आहे, पणजी आणि साखळीतल्या सखल भागांनी गाड्या आत्ताच उंचावर लावाव्यात. उद्या साडेआठनंतर इशारा पिवळा होतो आणि दुपारनंतर ऊन पडेल.’

पर्जन्यमापक

चांगलं झालंय, ‘गाड्या आत्ताच उंचावर लावाव्यात’ हे तर फार आवडलं. दोनच दुरुस्त्या. शेवटचं ऊन काढा. पिवळा इशारा म्हणजे अजूनही तुरळक ठिकाणी अडीच इंचांवर पाऊस पडू शकतो, त्यात ऊन कुठून आलं? ‘सरी चालू राहतील, मधूनमधून उघडीप’ एवढं पुरे. दुसरं, ‘नारिंगी इशारा आहे’ याच्या लगेच पुढे ‘म्हणजे तयारीत राहा’ हे दोन-तीन शब्द रोज बोला, रोज ऐकून कंटाळा आला तरी. आणि वेळेवर सर्व्हर बसला तर काय, हे कुणी लिहिलं नाही. मोठ्या पावसात संकेतस्थळं मंद होतात, वीज आणि नेट जातं. दुपारचं बुलेटिन आल्याबरोबर छापून ठेवा, वेधशाळेचा फोन स्टुडिओच्या भिंतीवर लावा आणि सात वाजता एकदा फोन करून इशारा बदललाय का विचारा. दुपारचा पिवळा संध्याकाळपर्यंत नारिंगी झालेला असू शकतो. रडारचं चित्र अर्ध्या तासापेक्षा जुनं असेल तर लावू नका. साधा तालुक्यांचा नकाशा लावून बोला आणि माहिती किती वाजताची आहे ते तोंडाने सांगा.